चार हजार न वाचलेले मेल आणि त्यात गाडलं गेलेलं गाडीचं रिन्यूअल

मागच्या वर्षी माझ्या स्कूटीचा इन्शुरन्स लॅप्स झाला. कंपनीने तीनदा मेल केला होता बरं का, पण कुर्त्यांचा सेल, प्री-अप्रूव्ह्ड लोन आणि सोसायटीतल्या टँकरच्या भांडणात ते तिन्ही गाडले गेले. मग एक रविवार इनबॉक्स आवरण्यात घातला. जीमेल वापरत असाल तर हे लॅपटॉपवरच करा, फोनवर वैताग येतो.

लोक मेल भराभर कसे वाचायचे ते विचारतात, पण आधी ते येणं कमी करा ना! सर्च बारच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात 'हॅज द वर्ड्स'च्या रकान्यात अनसबस्क्राइब हा शब्द इंग्रजीत टाका आणि आधी नुसतं सर्च करून बघा. जवळजवळ सगळे जाहिरातवाले सापडतात कारण त्यांच्या मेलच्या तळाशी तो शब्द असतोच. पण बँक आणि इन्शुरन्सवालेही कधीकधी तोच शब्द टाकतात, म्हणून त्यांची नावं 'डझन्ट हॅव'मध्ये घालायची (मी पहिल्यांदा विसरले आणि क्रेडिट कार्डचं स्टेटमेंटच गायब). मग क्रिएट फिल्टर, स्किप इनबॉक्सवर टिक, आणि 'नंतर बघू' असं लेबल. काही डिलीट होत नाही, फक्त समोर येत नाही. दिवाळीत सेल बघायचा असेल तर लेबल उघडायचं.

टँकरच्या भांडणावर उपाय म्हणजे म्यूट. मेल उघडून तीन टिंबांत जा, म्यूट करा, पुढची उत्तरं परस्पर आर्काइव्हमध्ये जातात, म्हणजे डिलीट न होता इनबॉक्सबाहेर. कोणाला कळतही नाही.

फोनवर ॲपच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन 'हाय प्रायॉरिटी ओन्ली' करा, किंवा सरळ बंदच. मी सकाळी अकराला आणि दुपारी चारला मेल बघते, मधे नाही. ऑफिसात आधी कुरकुर झाली, मग मीच सांगितलं की अर्जंट असेल तर फोन करा. आठवड्यात दोन फोन आले, त्यातला एक चहाला येतेस का म्हणून.

बघायला बसलं की दोन मिनिटांत होणारं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं, आज नको असलेलं स्नूझ करून त्या तारखेला परत बोलवायचं (रिन्यूअल मी असंच मुदतीच्या आठ दिवस आधीवर ठेवलंय), बाकी आर्काइव्ह. फोल्डरांचे कप्पे करत बसू नका, मी सतरा केले होते, शेवटी शोधताना सर्चच वापरायचे.

आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये अनडू सेंड (पाठवलेला मेल मागे घ्यायला मिळणारा वेळ) ३० सेकंदांवर न्या, मुळात ५ च असतात, रागात टाइप केलेल्या मेलला ५ सेकंद पुरत नाहीत.