मधमाश्यांची तापट पेटी उघडताना हातमोजे कुठले घालायचे आणि पहिली फ्रेम कशी काढायची

"जाड हातमोजे घाल, मग काही होत नाही" असं मला ज्याने सांगितलं त्याने स्वतः कधी पेटी उघडली नसणार. मी त्याचं ऐकून वेल्डिंगवाल्यांचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे आणले. मेलीफेराच्या (पेटीत पाळतात ती परदेशी मधमाशी) पेट्या कांद्याच्या डेंगळ्यांवर, म्हणजे बियांसाठी फुलवलेल्या कांद्यावर लावलेल्या, फुलोरा संपत आलेला, म्हणजे माश्यांना बाहेर काही मिळेनासं झालेलं आणि त्या आधीच चिडक्या. मी फ्रेमच्या (पोळं असलेली लाकडी चौकट) कानाखाली, म्हणजे वरच्या पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकाखाली बोटं घातली आणि त्या जाड चामड्यातून कळेचना की बोटाखाली लाकूड आहे का माश्या. माश्या होत्या. दोन मिनिटांत सगळी पेटी अंगावर. हात एकदम सुखरूप राहिले हो, पण सँडल घातली होती त्यामुळे दोन्ही घोट्यांना मिळून अकरा डंख.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. हातमोजा माशीपासून तुम्हाला वाचवतो हे अर्धंच खरं, तुमच्या बोटांपासून माशी वाचते का ते आधी बघा.

आधी वेळ. निरभ्र, वारा नसलेला दिवस, दहानंतर, म्हणजे म्हाताऱ्या माश्या (चावणाऱ्या याच असतात) चरायला गेलेल्या असतात. ढग दाटलेत, वीज कडाडतेय, शेजारच्या शेतात फवारणी चालू आहे, तर घरी जा. बुरखा, फिकट रंगाचे सैल कपडे, पँट मोज्यात खोचलेली, अत्तर किंवा उग्र वासाचं तेल नाही. आणि केळं खाऊन जाऊ नका. हसू नका, माशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा वास सोडते त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाईल ॲसिटेट, आणि पिकलेल्या केळ्याला वास येतो तो पण बराचसा याचाच. पेटीजवळ अचानक केळ्यासारखा वास आला तर समजायचं की कोणीतरी कुठेतरी डंख मारलाय, तुम्हाला कळलं नसलं तरी.

आता हातमोजे.

लोकरीचे, विणलेले, केसाळ कापडाचे नकोच. माशीचे पाय त्यात अडकतात, अडकली की ती घाबरते आणि मारते, आणि नांगी आरपार जाते ती वेगळीच. वेल्डिंगचे का नकोत ते वर सांगितलंच.

भांडी घासायचे लांब रबरी हातमोजे नवीन माणसाला चांगले. स्वस्त, गुळगुळीत, मनगटाच्या वर जातात. घाम प्रचंड येतो, अर्ध्या तासात बोटं भिजल्यासारखी होतात, पण शिकताना चालतं.

मी रोजच्या तपासणीला नायट्राइलचे पातळ निळे वापरतो, मेडिकलमध्ये डबाच मिळतो. बोटाला सगळं कळतं. नांगी त्यातून आत जाते, खोटं कशाला बोलू, पण हात संथ असेल तर गुळगुळीत पृष्ठभागावर माशी सहसा मारत नाही आणि मारलं तरी काटा कमी रुततो. त्यांची खरी अडचण मनगट. हातमोजा आखूड, बाही वर सरकते, मधे दोन बोटं कातडी उघडी आणि माश्यांना तीच सापडते. जुना पायमोजा पंजाकडून कापून मनगटावर चढवा, बाही त्याच्या आत, हातमोजा वरून. पायमोजा सुती आणि घट्ट विणीचाच घ्या, केसाळ नको.

बकरीच्या मऊ चामड्याचे, कोपरापर्यंत कापडी बाही आणि इलॅस्टिक असलेले, हे मी खरंच तापट पेटीसाठी आणि रात्री पेट्या गाडीत चढवायला ठेवतो. घेताना एकच बघा, बोटाच्या टोकाला रिकामं चामडं लोंबतंय का. अर्धा इंच जरी लोंबत असेल तरी ते टोक माश्या चिरडणार. दुकानदार म्हणेल वापरून बसतील, बसत नाहीत, लहान साइज मागा. आणि ते धुवा! लोक वर्षानुवर्षं धूत नाहीत, त्यात जुने काटे आणि तो वास राहतो, मग पुढची पेटी झाकण काढताच चिडते आणि हे म्हणतात माशीच खराब आहे. कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं, आणि अर्धवट ओले असताना हातात घालून बोटं हलवायची म्हणजे कडक होत नाहीत. पिल्लांच्या रोगाची शंका असलेल्या पेटीत मात्र चामडं नकोच, नायट्राइल घाला आणि काम झालं की काढून टाका.

सातेरी (आपली देशी मधमाशी) पाळणारे म्हणतील आम्ही उघड्या हातांनी काढतो. काढा की, सातेरी मवाळ आहे आणि ती झाडांचा डिंक गोळा करत नाही त्यामुळे फ्रेमा चिकटलेल्या नसतात. मेलीफेराचं तसं नाही. आणि आग्यामोहोळाला यातलं काहीही लागू नाही, त्याच्या वाटेला जाऊच नका.

धुरांड्यात (माश्यांवर धूर सोडायचा भात्याचा डबा) गोणपाट आणि गोवरीचा तुकडा. धूर पांढरा आणि गार हवा, हाताच्या मागच्या बाजूवर सोडून बघा, चटका बसला तर माशीलाही बसणार. दाराशी दोन-तीन फुंका, मग थांबायचं, पूर्ण दोन मिनिटं. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरायला लागतात, त्याला वेळ लागतो.

आता पहिली फ्रेम, जिथे मी दोन सीझन मार खाल्ला.

मी मधूनच फ्रेम उपसायचो कारण पिल्लं मधे असतात आणि तीच बघायची असतात. चूक. मधे माश्यांची गर्दी, फ्रेम वर येताना शेजारच्या पोळ्यावर माश्या लाटण्याखाली आल्यासारख्या रगडल्या जातात, आणि चिरडलेली एक माशी वासाने बाकीच्यांना उठवते. दहा फ्रेमांच्या पेटीत कडेची फ्रेम काढायची, तिथे बहुतेक मध असतो आणि माश्या कमी. पटाशीने दोन्ही टोकं आधी सोडवा, चिकटलेला डिंक "कट्" करून सुटला पाहिजे पण झटका बसता कामा नये, मग फ्रेम जराशी बाहेरच्या भिंतीकडे सरकवा आणि सरळ वर, इतकी हळू की तुम्हालाच कंटाळा येईल. ती पेटीला टेकवून उभी ठेवा. आता आत एक बोटभर मोकळी जागा झाली, पुढची प्रत्येक फ्रेम आधी त्या जागेत सरकवायची आणि मगच उचलायची. बोटं ठेवताना माश्यांवर दाबायचं नाही, बोट लाकडाला हलकं टेकवून क्षणभर थांबलं की त्या आपणच बाजूला होतात, आणि हे फक्त पातळ हातमोज्यातच कळतं.

हातमोज्यावर डंख बसला तर हात झटकू नका, फ्रेम तर अजिबात सोडू नका. फ्रेम खाली ठेवा, पटाशीने काटा लगेच खरवडा (विषाची पिशवी तुटल्यावरही विष आत ढकलत राहते, म्हणून कसा काढला त्यापेक्षा किती पटकन काढला ते महत्त्वाचं) आणि त्या जागेवर धूर द्या. बुरख्याच्या जाळीवर एकदोन माश्या आदळल्या तर चालतं. पाचसहा जणी सलग आदळायला लागल्या की झाकण लावा, कितीही काम बाकी असलं तरी. मग पळत नाही, चालत झाडाझुडपांत जायचं, आणि बुरखा माश्या सुटेपर्यंत काढायचा नाही. अंगभर गांधी उठली, ओठ-घसा सुजला, श्वास लागला तर १०८, घरगुती उपाय करत बसू नका.

हवा चांगली, फुलोरा चांगला, हात संथ, तरी तीच पेटी दर वेळी उठत असेल तर आधी राणी आहे का बघा, राणी गेलेली पेटी चिडकी होते. राणी असेल तर मग ती राणीच बदला, मवाळ पेटीतली द्या. लगेच फरक दिसणार नाही, जुन्या माश्या मरून नवीन राणीच्या येईपर्यंत दीडदोन महिने जातात, आणि तेवढे दिवस त्या पेटीला बकरीवालेच घाला.