पन्नाशीनंतर स्नायू टिकवायचे कसे

वय वाढलं की सगळे वजनाच्या काट्याकडे बघतात, पण स्नायूंबद्दल काटा काहीच सांगत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर आणखी वेगाने. त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वजन तेच दिसतं. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते घटले की मधुमेहाचा धोका वाढतो आणि तोल जाऊन पडण्याचाही.

आधी पायांची ताकद तपासा. सुमारे 43 सेंमी उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीवर घालून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी आहे असं समजा. गुडघा दुखत असेल तर मात्र या आकड्यावर विसंबू नका.

व्यायामही हाच. 8 ते 10 वेळा उठबस, अशा दोन-तीन फेऱ्या, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवस आड. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया, कारण खाली येतानाही मांडीचे स्नायू वजन पेलत असतात. उठताना श्वास सोडा. रोखून धरला की रक्तदाब एकदम चढतो. सोपं वाटायला लागलं की पाण्याची भरलेली बाटली छातीशी धरा. ‘मी रोज चालतो की!’ हे उत्तर इथे चालत नाही. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हृदयासाठी हवंच, पण ताकद त्याने फारशी वाढत नाही.

आता ताट. वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं धरा. 60 किलोला 60 ते 72 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नका. उतारवयात थोड्याशा प्रथिनांना स्नायू दाद देत नाहीत, म्हणून प्रत्येक जेवणात 20 ते 25 ग्रॅम हवीत. नेमका सकाळचा नाश्ता कोरडा जातो. एका अंड्यात 6 ग्रॅम, 250 मिली दुधात 8, शिजवण्यापूर्वीच्या 30 ग्रॅम डाळीत साधारण 7. म्हणजे दोन अंडी आणि पेलाभर दूध घेतलं की नाश्त्याचं काम झालं. डाळ मात्र मोजून घाला. पातळ केली की वाटी भरलेली दिसते, पोटात पाणीच जातं.

उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका, चरबीबरोबर स्नायूही जातात. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि तोल जातो, आणि दोष वयावर टाकला जातो.