मानेतल्या धमन्या शोधताना या चुका टाळा

“मॅडम, आमच्या बॉडीला लिंग्वल आर्टरी नाहीच!” डिसेक्शन हॉलमध्ये (जिथे मृतदेह उघडून शरीररचना शिकतात) हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त म्हणते, “आधी फेशिअल शोध.” काहींत जिभेची लिंग्वल आणि चेहऱ्याची फेशिअल, दोघी एकाच खोडातून निघतात. हायॉइड या जिभेखालच्या हाडाच्या शिंगाजवळ ते खोड धरून वर गेलात की फाटा सापडतो.

सगळ्यात मोठी चूक जागेवरून नाव ठेवण्याची. मानेतली मोठी धमनी, कॉमन कॅरोटिड, दुभंगून एक्स्टर्नल आणि इंटर्नल कॅरोटिड होतात. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरची, असं धरून मुलं पिना लावतात. प्रत्यक्षात सुरुवातीला तीच पुढे आणि आतल्या बाजूला असते. इंटर्नल तिच्या मागे, बाहेरच्या अंगाला. काहींत हेही उलटं निघतं. खरी खूण फाट्यांची: इंटर्नलला मानेत सहसा फाटे नसतात. पण ‘साफसफाई’च्या नादात एक्स्टर्नलचे बारीक फाटे खरवडले, तर पुरावाच गेला! स्कॅल्पेल बाजूला ठेवा. कात्री मिटून आत घाला आणि आत उघडा. चरबी सुटते, धमनी राहते.

कॉमन कॅरोटिड थायरॉइड कूर्चेच्या वरच्या काठाशी दुभंगते, हे पाठ असतं. तिथे दुभंगलेली दिसली नाही तर कापाकापी नको, वर हायॉइडपर्यंत जा. तिला त्याआधी फाटे नसतात, हा नियमही फार ताणू नका. फर्स्ट इयरला मी तो ताणला होता. तिच्यातून निघालेला एक दोरा फॅशिया (पातळ आवरण) समजून कापला आणि टोकाला पोकळ नळी दिसली. सुपीरिअर थायरॉइड धमनी! सर काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या संध्याकाळी फास्ट लोकलमधून दादरला उतरायचं राहिलं, थेट कुर्ला गाठलं.

श्वासनळीपुढची चरबी बोटाने ओढू नका. थोड्या लोकांत तिथून थायरॉइडिया इमा ही थायरॉइड ग्रंथीची जादा धमनी वर जाते. ट्रेकिऑस्टॉमीत (श्वासनळीला पुढून छेद देताना) ती अचानक कापली गेली तर रक्त आवरताना पळापळ होते.

उजवीकडे पाहिलं म्हणून डावी बाजू सोडू नका. डावी व्हर्टिब्रल (मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी धमनी) कधी थेट महाधमनीच्या कमानीतून निघते आणि मानेच्या सहाव्याऐवजी पाचव्या मणक्याच्या छिद्रात शिरते. जर्नलमध्ये पुस्तकातलं चित्र उतरवू नका. दिसलं तेच काढा, बाजू आणि टेबल नंबर टाकून.