थंडीत मधमाश्यांना पराग कुठून मिळतो आणि आपण काय करायचं

दिवाळी झाली की नवीन पेटीवाल्यांचा ठरलेला प्रश्न, मध कधी निघणार? अहो मध राहू द्या, आधी माश्यांच्या पायाकडे बघा. पायाला परागाच्या पिवळ्या-केशरी गोळ्या लावून येतायत का रिकाम्या येतायत, थंडीतला सगळा हिशोब तिथे आहे.

कसा ते सांगतो. अंड्यापासून माशी व्हायला साधारण 20-21 दिवस लागतात, मग अजून दोन-तीन आठवडे ती पेटीतच राबते, अळ्यांना भरवते, पोळं बांधते, आणि त्यानंतर फुलांवर जायला लागते. म्हणजे फेब्रुवारीत बियाण्याच्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलतील तेव्हा जी माशी तुम्हाला शेतात पाहिजे तिचं अंडं डिसेंबरच्या शेवटाला पडलेलं पाहिजे, आणि अळीला भरवायचं तर पराग लागतो, नुसत्या साखरेच्या पाकावर अळ्या वाढत नाहीत. पाक म्हणजे चुलीचं सरपण झालं, अंग धरायला प्रोटीन परागातूनच येणार.

आपल्याकडे बर्फ पडत नाही त्यामुळे माश्या थंडीभर बाहेर जातात, फक्त उशिरा. पारा 10 च्या खाली असेल तर हलतच नाहीत, 15-16 च्या वर गेला की खरी वर्दळ सुरू. म्हणून पेटीचं तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा, सकाळचं ऊन दारावर पडलं पाहिजे आणि मागून उत्तरेचा वारा अडला पाहिजे, कुडाचा आडोसा केला तरी चालतो. तासभर लवकर उडाल्या तरी बराच फरक पडतो.

आता फुलोरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारळा असतो, पण आता पेरतंय कोण, डोंगराकडच्या गावात दिसतो तेवढाच. मग तूर, नोव्हेंबर-डिसेंबरला फुलावर असते, मध आणि पराग दोन्ही देते. पण शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी सगळ्यात जास्त फवारण्याही तुरीवरच होतात आणि त्याही नेमक्या फुलात. शेजाऱ्याला आधी जाऊन भेटा, फवारणी सूर्य मावळल्यावर करायला सांगा, आणि दिवसाच होणार असेल तर आदल्या रात्री दाराला जाळी लावून पेटी बंद ठेवा, आत हवा खेळती राहील एवढं बघा आणि ऊन लागू देऊ नका. जास्त दिवस चालणार असेल तर सरळ तीन-चार किलोमीटर लांब हलवा, तेही रात्रीच.

डिसेंबरात रब्बी ज्वारी फुलते आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण ज्वारीत मकरंद नसतो. पण सकाळी ऊन जरा चढलं की कणसाजवळ उभं राहून बघा, माशी कणसाला चिकटून पायांनी खरवडत असते, अंगभर फिकट पिवळी पूड, मधेच हवेत तरंगत ती पूड मागच्या पायावर थापते आणि परत कणसावर. दुपारी गेलात तर एकही दिसणार नाही, म्हणून लोकांना वाटतं ज्वारीवर माशी येतच नाही. मक्याचंही तसंच. फक्त या गवतवर्गीय पिकांचा पराग एकटा पुरत नाही, दर्जा कमी असतो, सोबत दुसरं काहीतरी पाहिजे.

ते दुसरं काहीतरी म्हणजे मोहरी, धने, सूर्यफूल, जानेवारी-फेब्रुवारीला करडई, परसातला शेवगा आणि बांधावरची एकदांडी. एकदांडीला दगडी पाला पण म्हणतात, वर्षभर फुलते, आणि आपण काय करतो तर बांध स्वच्छ दिसावा म्हणून तणनाशक मारतो. एक बांध तरी सोडा राव. पुढे झाडांमध्ये काटेसावर, पानं झडून लाल फुलं लागली की तिथे माश्यांची जत्रा असते. महाबळेश्वरकडे जांभूळ-हिरड्याचा मध उन्हाळ्यात येतो, पण त्यासाठी पेटी माश्यांनी भरायची ती याच दिवसात.

स्वतः लावायचं असेल तर गव्हाच्या कडेने मोहरी टाका, 40-50 दिवसात फुलावर येते, पण सगळी एकदम पेरू नका, पंधरा-पंधरा दिवसांनी ओळ-ओळ टाका म्हणजे फुलोरा लांबतो. कोथिंबिरीचा एखादा वाफा न उपटता फुलू द्या. सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळतात ती आपली देशी मधमाशी, फार लांब जात नाही, किलोमीटर-दीड किलोमीटर धरा, तेवढ्या वर्तुळात काय कधी फुलतं ते वहीत लिहीत चला, माझ्या मते कुठल्याही छापील कॅलेंडरपेक्षा ही वही जास्त कामाची.

तपासणी दुपारी ऊन असताना, पटकन. अंडी-अळ्यांच्या भोवती रंगीत परागाचा पट्टा दिसला पाहिजे आणि लहान अळ्या दुधासारख्या पांढऱ्या रसात पोहताना दिसल्या पाहिजेत. अळ्या कोरड्या पडल्यात, अंडी आहेत पण मोठ्या अळ्या नाहीत, म्हणजे पराग कमी पडतोय आणि माश्या स्वतःच अळ्या खाऊन टाकतायत. राणी खराब आहे म्हणून लगेच बदलायला धावू नका, आधी पराग बघा.

खरंच तुटवडा असेल तर तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ तीन भाग, ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट) एक भाग, साय काढलेल्या दुधाची पावडर एक भाग, साखरेच्या घट्ट पाकात मळून कणकेसारखा गोळा करा आणि चपटी वडी फ्रेमच्या, म्हणजे पोळं असलेल्या लाकडी चौकटीच्या, वर, अळ्यांच्या अगदी जवळ ठेवा. बाजारातला कुठलाही मध त्यात घालू नका, रोग येऊ शकतो. वडी छोटीच ठेवा, दोन-तीन दिवसात संपली तर परत द्या, आणि तशीच पडून राहिली तर काढून टाका, बुरशी धरते, मुंग्या लागतात. बाहेर फुलं आली की माश्या स्वतःच वडीकडे बघत नाहीत, तेव्हा बंद करा. माश्यांनी झाकली नाहीयेत अशी रिकामी पोळी पण त्याच वेळी काढून घ्या, नाहीतर ऊन वाढताच पोळं खाणारा मेणकिडा शिरतो.