सेव्हन सिस्टर्सचा वॉक करताय? मग या चुका टाळा

लंडनमधल्या मराठी ग्रुपवर उन्हाळा लागला की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेव्हन सिस्टर्सचे, म्हणजे समुद्रकड्यांवर ओळीने असलेल्या सात टेकड्यांचे, फोटो सुरू होतात, हिरव्या टेकड्या, पांढरे कडे, खाली समुद्र, आणि त्यावर हमखास कोणीतरी लिहितं की आम्ही सह्याद्रीवाले, या टेकाडांचं काय घेऊन बसलात. उंची बघितली तर खरंच किरकोळ आहे, सिस्टर्समधली सगळ्यात उंच हेवन ब्रो फक्त 77 मीटर आणि पुढचा बीची हेड हा कडा 162. पण सीफर्ड गावापासून ईस्टबोर्न गावापर्यंत पूर्ण केलं तर 22 किलोमीटरच्या आसपास होतं आणि त्यात सपाट फार कमी, एक चढलात की लगेच उतरा, परत चढा, गुडघ्यांची वाट लागते. आपल्याकडे एकदा गड चढला की चढला, इथे तसं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कड्याच्या टोकाशी जाणं. बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, गवत अगदी कडेपर्यंत छान हिरवंगार, त्यामुळे भीतीच वाटत नाही. आपली सवय बेसॉल्टची, तो पायाखाली घट्ट असतो. हा दगड म्हणजे खडू, समुद्र खालून पोखरत असतो आणि वर उभं राहिलं की आपण पोकळीवर उभे आहोत हे कळतच नाही. जोराचा पाऊस किंवा कडाक्याची थंडी पडून गेल्यावर तर कधी कुठला तुकडा सुटेल सांगता येत नाही. बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह 1999 मध्ये अख्खंच्या अख्खं 17 मीटर मागे सरकवावं लागलं, यावरून अंदाज घ्या. 2017 मध्ये फोटोसाठी कडेला उडी मारताना एका परदेशी विद्यार्थिनीचा जीव गेला. निदान पाच मीटर लांब राहा, जमिनीत भेग दिसली तर आणखी मागे. खाली बीचवर कड्याला टेकून डबा उघडून बसणारेही दिसतात, तेही नको, वरून दगड येतात.

आणि मजा म्हणजे ज्या फोटोसाठी लोक कडेला जातात तो तिथून मिळतच नाही. तुम्ही स्वतः सिस्टर्सवर उभे असता ना, मग सिस्टर्स दिसणार कशा? तो फेमस व्ह्यू ककमिअर नदीच्या अलीकडून, सीफर्ड हेडच्या उतारावरच्या कोस्टगार्ड कॉटेजेसजवळून मिळतो. म्हणून सीफर्डहून सुरुवात करा. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून असतो, म्हणजे तो पाठीवर घेऊन चालता येतं, उलट दिशेने आलात तर दिवसभर तोंडावर.

आता कॉटेजेसपासून पलीकडचा पहिला चढ अगदी समोर दिसतो पण मधे ती नदी आहे, आणि मुखाशी पूल नाही. ओहोटीला पाणी उथळ वाटतं म्हणून बूट हातात घेऊन उतरणारे असतात, करू नका, प्रवाहाला जोर असतो. एक्सीट या वस्तीजवळच्या पुलापर्यंत दोनेक किलोमीटर आत जायचं आणि पलीकडून तेवढंच परत, हा वेळ प्लॅनमध्ये आधीच धरा. तसंच कड्यांच्या खालून किनाऱ्याने सिस्टर्सच्या पलीकडच्या बर्लिंग गॅप या ठिकाणापर्यंत जाऊ म्हणाल तर मधे वर यायला वाट नाही, भरती आली की अडकलात. अडकलातच तर 999 लावून कोस्टगार्ड मागायचं.

शूजबद्दल. कोरडा असेल तर या रस्त्यावर काहीही चालतं, पण ओला खडू म्हणजे नुसता साबण. तळव्याच्या खाचांमध्ये पांढरा चिखल भरतो आणि मग चांगल्या शूजलाही ग्रिप उरत नाही. उताराआधी थांबून काडीने खाचा मोकळ्या करा, मग अंग आडवं वळवून छोटी पावलं टाका, काठी असेल तर उत्तम. घरी गेल्यावर चिखल वाळू द्या आणि ब्रशने झाडा.

पाणी! गडावर टाकी असतात तसं इथे डोक्यात धरून येऊ नका. खडूतून पाणी खाली झिरपून जातं, वर झरा नाही ओढा नाही, कुठे तळं दिसलंच तर ते गुरामेंढरांसाठी. माणशी दीड-दोन लिटर घ्या, एक्सीटला आणि बर्लिंग गॅपला परत भरून घ्या. झाडाची सावली जवळजवळ नाही, वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान लालबुंद, तेव्हा ढग असले तरी सनस्क्रीन लावा.

धुकं आलं तर कड्यापासून आत सरका. अर्ध्यात दमलात तर एक्सीटला बस आहे, बर्लिंग गॅपच्या बसचं मात्र आधी बघून ठेवा, नसेल तर अर्धा तास चालून ईस्ट डीन गावातल्या मेन रोडवर. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, तेव्हा पूर्ण रूटचा हट्ट नको.

परतीची ठराविक वेळेची स्वस्त ट्रेनचं तिकीट काढताना शेवटचा उतार संपला म्हणजे पोचलो असं धरतात, पण तिथून ईस्टबोर्न स्टेशन अजून पाऊण तास आहे, आणि तोवर पाय काही ऐकत नसतात. वीकेंडला रेल्वेची कामं काढलेली असतात तेही आदल्या रात्री बघून घ्या.