कातरवेळी आई चिडतात? या चुका टाळा

"मला घरी सोडा." कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, स्वतःच्याच पलंगावर बसून, अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार झालेल्या माझ्या सासूबाई रोज सहाच्या सुमाराला म्हणायच्या. काखेत पर्स, पायात चपला. मी वीजबिल आणून त्यावरचं त्यांचंच नाव दाखवायचे.

पहिली चूक हीच. अल्झायमरमध्ये ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात. त्यांच्या लेखी घर म्हणजे सदाशिव पेठेतला वाडा. बिल दाखवलं की त्या खोट्या पडायच्या आणि पर्स माझ्या अंगावर यायची. बिल त्या पाच मिनिटांत विसरायच्या, अपमान मात्र रात्रभर धुमसायचा. आता मी म्हणते, "जाऊ ना, दूध घेऊन निघू. वाड्यातला हौद केवढा होता हो?" हौदावरून गोष्टी निघतात आणि चपला पलंगाखाली जातात. रोज जातात असं नाही.

दुसरी चूक, अंधार पडेपर्यंत दिवा न लावणं. ही आपली जुनी काटकसर. या आजारात मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडतं, त्यात दिवसभराची दमणूक आणि लांबलेल्या सावल्या. संध्याकाळच्या या बेचैनीला डॉक्टर 'सनडाउनिंग' म्हणतात. आपल्याकडे कातरवेळ हा शब्द आहेच. पाचलाच ट्यूब लावा, पडदे ओढा. खिडकीच्या काचेत दिसणारी बाई त्यांना परकी वाटते.

सगळ्यांत महागात पडते ती तिसरी: एकाएकी स्वभाव बदलला तरी "आजारच वाढलाय" म्हणत बसणं. अल्झायमर हळूहळू वाढतो. दोन दिवसांत माणूस बदलला तर आधी डॉक्टर गाठा. गेल्या गणपतीत आई चक्क शिव्या देऊ लागल्या. आम्ही ढोल-ताशांना बोल लावत राहिलो, निघालं लघवीचं इन्फेक्शन! बद्धकोष्ठ, दाढदुखी यांनीही असं होतं. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, म्हणून औषधांची सगळी पिशवीच सोबत न्या.

शांत करणारी गोळी मनाने मुळीच देऊ नका. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये अशा गोळ्यांपैकी अँटिसायकोटिक (मनोविकारांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००५ मध्येच दिला आहे.

आणि परीक्षा घेऊ नका. नणंदबाई पूर्वी "आई, मी कोण सांग बघू?" म्हणतच आत यायच्या, आई गोऱ्यामोऱ्या होत, मग चिडत. हल्ली त्या दारात चपला काढतानाच मोठ्याने सांगतात, "आई, मी आलेय गं, तुझी धाकटी."