टायर रस्त्याला ओढून धरत नाही: गाडीच्या सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

आधी कागदावर उत्तर काढा आणि मग लॅपटॉप उघडा, हे मी दर वर्षी सांगतो. दर वर्षी पोरं आधी सिम्युलिंक, म्हणजे मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर, उघडतात. 2007 पासून पीथमपूरला बाहा ही कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या बग्ग्यांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून इंदूरच्या गल्लोगल्ली बग्ग्या बनतात, आणि रामबागेतल्या आमच्या घरी तेच ते ग्राफ येऊन पडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्प्रिंगचा आकडा जसाच्या तसा चाकावर लावणं. क्वार्टर-कार मॉडेलच्या, म्हणजे गाडीचा एकच कोपरा धरणाऱ्या मॉडेलच्या, चित्रात स्प्रिंग चाकावर सरळ उभी दिसते. खऱ्या बग्गीत ती ए-आर्मवर, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर, मध्येच कुठेतरी तिरकी बसलेली असते.

इथल्याच एका कॉलेजच्या टीमची गोष्ट. स्प्रिंग 25 न्यूटन प्रति मिमी, मागच्या प्रत्येक कोपऱ्यावर चालकासकट 75 किलो. मॉडेल म्हणालं, गाडी 29 मिमी दबेल, फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला वर-खाली डोलणं, 2.9 हर्ट्झ. अहवाल छापून झाला, तोही रंगीत. मग गाडी जमिनीवर उतरवली, चालक बसला आणि मागची बाजू 82 मिमी खाली गेली. स्प्रिंगवाल्याने फसवलं म्हणून फोनवर भांडणंही झाली. स्प्रिंग चोख होती. तिचा मोशन रेशो 0.6 होता, म्हणजे चाक 10 मिमी वर गेलं की स्प्रिंग 6 मिमी दबायची. 6 मिमीला जोर येतो 150 न्यूटन, आणि तरफेमुळे चाकाशी पोचतो त्याच्या 0.6 पट, म्हणजे 90. 10 मिमीला 90 न्यूटन, म्हणजे चाकाशी कडकपणा फक्त 9 न्यूटन प्रति मिमी. रेशोचा वर्ग लागतो तो असा, एकदा हालचालीसाठी आणि एकदा जोरासाठी. खरी फ्रिक्वेन्सी 1.74 हर्ट्झ. उड्यांसाठी राखलेली हालचाल बसल्या जागीच खर्च झाली होती; पहिल्याच टेकाडावर शॉकर तळाला आपटला आणि त्याचं ब्रॅकेट उखडलं.

माझी सवय मोजपट्टीची. गाडी जॅकवर असताना चाकाच्या मध्यापासून सांगाड्यापर्यंत एक माप घ्या. मग खाली उतरवून चालक बसवा, दोन-चारदा दाबून सोडा आणि किती दबली ते सेंटीमीटरमध्ये मोजा. 5 ला या दबलेल्या सेंटीमीटरांच्या वर्गमूळाने भागलं की फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मिळते. स्प्रिंग साधी, सरळ कडकपणाची हवी आणि प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला दाब, नको, एवढ्याच अटी. मॉडेलचं उत्तर याच्या जवळपास नसेल तर पुढचा एकही ग्राफ मला दाखवू नका.

दुसरी चूक टायरची. टायर म्हणजे मॉडेलमध्ये एक स्प्रिंग, आणि स्प्रिंग ताणली की ओढते. गाडी उडी मारते तेव्हा मॉडेलमधला टायर रस्त्याला चिकटून राहतो आणि गाडीला खाली खेचतो. "काका, उडीनंतर किती छान स्थिर झाली बघा!" होणारच ना, बाबा, तू तिला जमिनीला बांधून ठेवलंयस. बरेच जण समीकरणं स्थिर स्थितीपासून मोजतात. त्यात वजन दिसत नाही, म्हणून टायर जमिनीवरून कधी सुटला हेही कळत नाही. गुरुत्वाकर्षण मॉडेलमध्ये घाला, सुरुवात गाडी दबलेल्या स्थितीपासून करा आणि टायरचा जोर शून्याखाली गेला की शून्यच धरा. एका ओळीचं काम आहे, पण रेडिमेड ब्लॉक उचलणाऱ्यांना ती एक ओळ जड जाते.

एककं: मिमी, न्यूटन आणि सेकंद घेतलेत तर वस्तुमान टनात द्या आणि गुरुत्व 9810.

सिम्युलेशनमधला वेळेचा टप्पा निम्मा करून पुन्हा चालवा. ग्राफ बदलला, तर आधीचा फेकून द्या.

डँपरला, म्हणजे शॉकरमधल्या डोलणं जिरवणाऱ्या भागाला, जाता-येता एकच आकडा देऊ नका. दबताना आणि सुटताना तो वेगळं वागतो.

डांबरी रस्त्यावरच्या टायरचे आकडे मातीत चालत नाहीत.

मोजमापाशी जुळेपर्यंत आकडे हलवत बसणं हा हल्लीचा लाडका उद्योग. पाच आकडे मोकळे सोडले तर कुठलीही रेघ कुठल्याही रेघेवर बसते. जे मोजता येतं ते मोजून पक्कं करा. वजन काट्यावर, मोशन रेशो मोजपट्टीने. उरलेला एखादाच आकडा जुळवा, आणि तोही एका चाचणीवर जुळवून दुसरीवर तपासा.

यातलीच एक खोड रस्त्यावरच्या गाड्यांची. 40 च्या वेगाने गाडी न्यूट्रलला सोडायची, ती मंदावते तशी नोंद घ्यायची आणि त्यातून टायरचा व हवेचा रोध दोन्ही काढायचे. एवढ्या कमी वेगात हवेचा वाटा थोडका असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात. मग तेच घेऊन पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर 120 ला काय होईल ते सांगायला निघतात. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट, म्हणजे लहानशी चूकही तिथे फुगते. जमेल तितक्या जास्त वेगापासून सोडा, आणि दोन्ही दिशांनी सोडा. वाऱ्याचा आणि उताराचा घोळ त्याने बराचसा निघून जातो.